मधला रविवार कोणाचा?

रजेचा अर्ज लिहायला कोणाला शिकवावं लागत नाही. 'सविनय सादर'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत सगळं हाताला बसलेलं असतं. अडतं ते तारखांपाशी. रजा सोमवारपासून टाकायची की शनिवारपासून, मधे गुरुवारी सण आहे तो धरायचा की सोडायचा, हजर व्हायची तारीख काय लिहायची? तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात आस्थापनेच्या टेबलावर माझी नोकरी गेली. या तारखांनी माझ्यापुढे जेवढी भांडणं आणली तेवढी बदल्यांनीही आणली नाहीत. आता निवृत्त होऊन बुलढाणा जिल्ह्यातल्या वरवट बकालला घरी आहे, पण टेबल काही सुटलेलं नाही. शेगाव रस्त्यावर चहाला थांबलो तरी कोणी ना कोणी मोबाइल पुढे करतो. त्यावर पगाराचा कागद असतो आणि बोट एकाच रकान्यावर असतं: रजा कपात.

नवं वर्ष लागायच्या आत सुट्ट्यांची सरकारी अधिसूचना निघते. आमच्या कार्यालयात ती आली की तिची पहिली तपासणी कालनिर्णयासमोर उभं राहून व्हायची, की यंदा किती सुट्ट्या रविवारी गेल्या? 2025चं वर्ष या बाबतीत फारच वाईट होतं. प्रजासत्ताक दिन रविवारी, गुढीपाडवा रविवारी, रामनवमी रविवारी, मोहरमही रविवारी. आणि 2 ऑक्टोबरला गांधी जयंती नि दसरा एकाच दिवशी. यादीत सुट्ट्या 24 छापलेल्या असतात, पण त्यातल्या आपल्या वाट्याला किती येणार हे असं बघावं लागतं. रविवारी गेलेली सुट्टी सोमवारी भरून मिळत नाही.

ही यादी निघते परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 या कायद्याच्या कलम 25 खाली. हा कायदा मुळात हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि धनादेशांचा. हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर ती कोणत्या दिवशी देय धरायची, एवढ्यासाठी त्यात सुट्टीची व्याख्या करावी लागली. म्हणजे आपण ज्या दिवसांना सणाची सुट्टी म्हणतो त्यांचा कायदेशीर जन्म सावकारी व्यवहारात झाला आहे. म्हणूनच या यादीच्या दिवशी बँका बंद असतात. जिल्हाधिकारी आपल्या अधिकारात वर्षाला तीन स्थानिक सुट्ट्या देतात त्या मात्र या कायद्याखालच्या नसतात. पोळ्याची स्थानिक सुट्टी ज्या वर्षी जाहीर होते त्या वर्षी आमच्या तालुक्याच्या गावी, संग्रामपूरला, तहसीलीत शुकशुकाट आणि बँकेत नेहमीसारखी रांग, असं चित्र दिसतं. बैल सजवायचा सोडून रांगेत कोण उभं राहील, हा प्रश्न निराळा.

आमच्या भागाची गंमत अशी की पारशी नववर्षाची सुट्टी यादीत आहे आणि शेगावच्या गजानन महाराजांच्या प्रकटदिनाची नाही. पारशी नववर्षाबद्दल माझी तक्रार नाही, त्या दिवशी मीही मजेत झोपलो आहे. पण प्रकटदिनाला, म्हणजे माघ वद्य सप्तमीला, आमच्या कार्यालयात निम्मे लोक नैमित्तिक रजेवर असत. पायी वारीला जाणारे आदल्या दिवसापासून. तो अर्ज कोणी साहेब नामंजूर करत नसे, कारण साहेबांचाही अर्ज तोच असे.

आता मुद्द्याचं. सरकारी नोकरीत एकाच माणसाच्या दोन रजा दोन वेगळ्या पद्धतीने मोजतात, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं आणि आतल्यांनाही उशिरा कळतं. नैमित्तिक रजा, जिला आपण किरकोळ रजा म्हणतो, ती वर्षाला आठ दिवस. तिच्या मधे आलेला रविवार किंवा सण मोजत नाहीत. अर्जित रजेचं तसं नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 प्रमाणे ती 1 जानेवारीला 15 आणि 1 जुलैला 15 अशी आगाऊ खात्यात जमा होते, वर्षाची 30 दिवस. तिच्या आधी किंवा नंतर सुट्टी असेल तर ती जोडून घेता येते. पण मधे अडकलेली सुट्टी रजेतच जाते, मग तो रविवार असो की दिवाळी. म्हणून आमच्याकडचे अर्ज 'मागे-पुढे येणाऱ्या सुट्ट्या जोडून उपभोगण्यास व मुख्यालय सोडण्यास परवानगी मिळावी' या वाक्यावर संपतात. हे वाक्य पोरांना शोभेचं वाटायचं. त्याच वाक्यावर शनिवार-रविवारचे चार दिवस वाचतात, हे मी प्रत्येक नव्या लिपिकाला पहिल्याच आठवड्यात सांगत असे.

29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हा या जोडसुट्टीचं मोल आणखी वाढलं. सोमवार ते शुक्रवार पाच दिवस अर्जित रजा टाकली की सलग नऊ दिवस घरी. दवाखाने, पोलीस, शाळा यांना हा आठवडा लागू नव्हता. वरवटच्या ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिकेला शनिवारचं कौतुक सांगायला जाऊ नये.

खाजगीतली गोष्ट माझ्याकडे आली ती पुतण्यामुळे. तो जिल्ह्यातल्याच एका कारखान्यात मशीनवर आहे, नाव सांगत नाही. त्याने शनिवार आणि मंगळवार अशी दोन दिवस रजा घेतली होती. मधला रविवार साप्ताहिक सुट्टीचा, आणि सोमवारी सण होता, ती सुट्टी कारखान्यानेच फलकावर लावलेली. पगार झाल्यावर तो आला.

"काकाजी, म्या दोनच दिवस रजा टाकली होती. चार कशा कटल्या?"

"विचारलं का तिथं?"

"विचारलं ना. ते म्हणते, मागे-पुढे रजा असली का मधलीबी रजाच. इथं असंच चालते, भाऊ."

माझ्या सरकारी डोक्याला ते क्षणभर बरोबरच वाटलं असतं, कारण अर्जित रजेचा नियम तसाच आहे. पण कारखान्याचा कायदा वेगळा आहे. 1948च्या कारखाना कायद्यात कलम 79 होतं. वर्षात 240 दिवस काम भरलं की पुढच्या वर्षी, काम केलेल्या दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. आणि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात स्वच्छ लिहिलेलं, की ही रजा सुट्ट्या वगळून मोजायची, मग सुट्टी रजेच्या मधे येवो की दोन्ही टोकांपैकी कुठे येवो. पुतण्याच्या कारखान्याने सरकारी अर्जित रजेची मोजणी उचलली होती आणि ती कामगाराच्या तुटपुंज्या रजेवर लावली होती.

इथे मी जरा थांबतो, कारण माझ्या सगळ्या नोकरीत मला कळलेली गोष्ट असेल तर ती एवढीच आहे. सरकारने 30 दिवस दिले आणि रविवार मोजला. कारखाना कायद्याने वर्षाला 300 दिवस राबणाऱ्याला 15 दिवस दिले आणि रविवार मोजला नाही. दोन्ही हिशेब आपापल्या जागी सरळ आहेत. 30 दिवसांत चार-पाच रविवार पडणार हे धरूनच तो आकडा ठरलेला असतो, आणि 15 दिवस म्हणजे निव्वळ कामाचे 15 दिवस. फसवणूक होते ती या दोहोंची सरमिसळ केली की. रजा कारखान्याइतकी कमी द्यायची आणि मोजताना माप सरकारी लावायचं. धान्य घेताना एक पायली आणि देताना दुसरी, असला हा प्रकार. कामगाराला दोन्ही मापं माहीत नसतात, म्हणून हा प्रकार खपतो.

पुतण्याला मी अर्ज लिहून दिला. कलम, स्पष्टीकरण, रजेच्या तारखा, वारांसकट. आणि त्याच्या रजापुस्तिकेची मागणी. ती प्रत्येक कामगाराच्या हातात असायला हवी, त्याने ती कधी पाहिलीच नव्हती. पुढच्या महिन्यात दोन दिवस परत जमा झाले. आनंदाची गोष्ट, पण अर्धीच. त्याच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाचे त्याच आठवड्यात कापलेले दिवस परत आले नाहीत, कारण त्याने अर्ज दिला नाही. नियम चुकला आहे हे कळल्यावर तो फक्त विचारणाऱ्यापुरता दुरुस्त करायचा, ही रीत मी सरकारी कार्यालयातही पाहिली आहे. दोन्हीकडे ती सारखीच वाईट आहे.

पुण्यात संगणकाच्या कंपनीत असलेल्या माझ्या भाचीकडे तर या गोष्टीला खाण्याच्या पदार्थाचं नाव आहे. सँडविच. शुक्रवारी आणि सोमवारी रजा घेतली की मधले शनिवार-रविवारही रजेत. नोकरीला लागताना मोबाइलवर जे धोरण 'मान्य आहे' म्हणून दाबलं त्यातच ते होतं. 2025च्या दिवाळीचा हिशेब आम्ही दोघांनी बसून मांडला. लक्ष्मीपूजन मंगळवारी 21 ऑक्टोबरला, बलिप्रतिपदा बुधवारी, भाऊबीज गुरुवारी. स्थानिक सुट्टीचा प्रश्न बाजूला ठेवला तर सोमवार आणि शुक्रवार एवढे दोनच कामाचे दिवस. शनिवार 18 ते रविवार 26 असे नऊ दिवस घरी राहायचं, तर कारखाना कायद्याच्या मापाने आणि सणाच्या सुट्ट्या मिळत असतील तर रजा लागली दोन दिवस. सरकारी अर्जित रजेच्या मापाने पाच, कारण सोमवार ते शुक्रवार सलग. आणि सँडविचचं माप टोकापर्यंत ताणलं, मागचे-पुढचे शनिवार-रविवारही धरले, तर नऊ. सण तोच, दिवस तेच, आणि रजा दोन, पाच किंवा नऊ. भाची म्हणाली, "मामा, मग दिवाळी आमच्या खर्चाने झाली म्हणायची." मला त्यावर उत्तर सुचलं नाही. तिने सोमवारी घरूनच लॅपटॉप उघडला.

दुकानं, हॉटेलं, खाजगी कार्यालयं यांच्यासाठी महाराष्ट्राने 2017 साली नवा दुकाने व आस्थापना कायदा केला. तो त्या वर्षी 19 डिसेंबरपासून लागू झाला. मूळ कायद्यात तो दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना होता. त्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, कारखान्यासारखी दर 20 दिवसांना एक रजा आहे, ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. आणि आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. त्यातल्या चार ठरलेल्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. उरलेल्या चार सणांच्या सुट्ट्या मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. त्या दिवशी काम करून घेतलं तर दुप्पट मजुरी आणि बदली सुट्टी, दोन्ही.

'मिळून ठरवायच्या' हे शब्द मला फार आवडतात. पण ते ठरताना मी कुठे पाहिलं नाही. एका कापडाच्या दुकानातली पोरं माझ्याकडे आली होती. त्यांच्याकडे यादी मालकाने लिहिली होती आणि 2025साठी त्यात दसरा धरला होता. मी म्हटलं, दसरा यंदा 2 ऑक्टोबरलाच आहे, त्या दिवशी तुम्हाला तशीही सुट्टी आहे. दसऱ्याच्या जागी दुसरा सण मागा. त्यांनी प्रकटदिन मागितला. मालक हसला म्हणे, आणि दिला. शेगावच्या माणसाला प्रकटदिन नाकारायची हिंमत कोण करील?

या सगळ्या रजा-सुट्ट्यांच्या हिशेबाबाहेर आमच्या भागातली निम्मी माणसं आहेत, हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमचा पट्टा कापसाचा. दिवाळीच्या मागे-पुढे जिनिंग सुरू होते आणि उन्हाळ्यापर्यंत चालते. तिथल्या मजुराला हजेरी पडली तर मजुरी, सण आला तर खाडा. त्याला रजा मिळत नसे याचं सगळ्यांना पाठ असलेलं कारण म्हणजे 240 दिवस भरत नसत. हंगाम दोन कॅलेंडर वर्षांत विभागलेला, भरणार कुठून? पण कारखाना कायदा शेवटपर्यंत वाचला तर त्यात हंगामी माणसाची सोय सापडत होती. वर्षाच्या मधे कामाला लागलेल्याने उरलेल्या दिवसांपैकी दोनतृतीयांश दिवस काम केलं तरी त्याला त्याच दराने रजा लागू होत होती. म्हणजे 1 नोव्हेंबरला लागलेल्याने डिसेंबरअखेरच्या 61 दिवसांत 41 भरले की झालं. आणि हंगाम संपून काम सुटलं, तर 240 भरले नसले तरी दर 20 दिवसांमागे एका दिवसाची रक्कम हातात द्यायची होती. सत्तर दिवस राबलेल्या बाईचे ते साडेतीन, म्हणजे अर्धा दिवस पूर्ण धरून चार दिवस होत. रक्कम लहान आहे. पण गावात मी ज्या ज्या मजुरांना विचारलं त्यांतल्या एकालाही ती कधी मिळाली नव्हती.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि रजेसाठीची 240 दिवसांची अट 180वर आली. चांगलं झालं. पण जिनिंगच्या हंगामाला 180ही गाठणं सोपं नाही.

दिवस भरले की नाही, हे मोजताना रविवार कोणाचा, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडणं गेली आहेत. 1985 साली अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कामगारांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की नोकरकपातीच्या नुकसानभरपाईसाठी 240 दिवस मोजताना रविवार आणि भरपगारी सुट्ट्याही धरायच्या, कारण त्या दिवसांचा पगार करारानुसार किंवा कायद्यानुसार मिळतो. त्याआधी 1977 साली कोइमतूरकडच्या मळ्यातल्या एका बाईचा खटला झाला. तेव्हा बाळंतपणाचा लाभ 12 आठवड्यांचा होता. व्यवस्थापनाने रविवार वगळून 72 दिवसांचे पैसे दिले होते, न्यायालयाने आठवडा म्हणजे सात दिवस ठरवला आणि 84 दिवसांचे द्यायला लावले. हे दोन निकाल मी पोरांना आवर्जून सांगतो. रजेतून दिवस कापायचे तेव्हा मालकाला रविवार हवा असतो, पैसे द्यायचे किंवा सेवा मोजायची तेव्हा नको असतो. न्यायालयाने त्याला हे दोन्हीकडून करू दिलं नाही.

सरकारी माणसाची बाजूही थोडी सांगतो, नाही तर आमचे लोक म्हणतील, निवृत्त झाला आणि उलटला. 22 जुलै 2023 रोजी संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत जो पाऊस पडला तो अजून कोणी विसरलेलं नाही. नद्या गावात शिरल्या, शेतं खरडून गेली. तो शनिवार होता, दुसरा दिवस रविवार. त्या दोन दिवसांत आणि त्यानंतरच्या सगळ्या सुट्ट्यांत तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक चिखल तुडवत पंचनामे करत होते. कोणाला वेगळा आदेशही लागला नाही. पण नंतर रजालेखा लिहायला घेतला तेव्हा त्या दिवसांसाठी लिहायला रकानाच नव्हता. अर्जित रजा जमा, अर्जित रजा खर्च, अर्धवेतनी, शिल्लक, सगळ्याला जागा आहे. सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाला नाही. त्यातल्याच एका ग्रामसेवकाने पुढे बहिणीच्या लग्नाला सलग रजा घेतली, आणि त्याचा मधला रविवार नियमाप्रमाणे मीच अर्जित रजेत धरला. तसा नियमच होता आणि मी तो लावला. पण हा नियम एकतर्फी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. सुट्टी रजेत मोजता, तर सुट्टीतलं कामही कुठे तरी मोजा.

आणि साठलेल्या अर्जित रजेचे निवृत्तीच्या वेळी 300 दिवसांपर्यंत पैसे मिळतात. म्हणजे मधे गेलेला एकेक रविवार हा शेवटच्या पगाराच्या दराने गेलेला एकेक दिवस असू शकतो. तरुणपणी हे कोणी ऐकत नाही.

सालदाराची गोष्ट तर कुठल्याच कायद्याच्या पुस्तकात नीट बसत नाही. पाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला साल ठरतं, रक्कम ठरते, धान्य ठरतं, आणि खाडे किती माफ हेही बोलण्यात ठरतं. लिहीत कोणी नाही. वर्षाच्या शेवटी खाड्यांचे पैसे कापताना पोळ्याचा दिवस खाडा धरायचा प्रयत्न करणारे धनी मला माहीत आहेत. गावाने तोंडावर थू थू केली म्हणून ते थांबले. सालदाराला त्याची सुट्टी मिळवून देणारी यंत्रणा म्हणजे अजून गावाची लाजच आहे, आणि तिचा भरवसा दरवर्षी थोडा कमी होतो.

1890 साली नारायण मेघाजी लोखंडे आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी आठवड्याची सुट्टी मिळवली तेव्हा मालकांशी भांडण होतं ते रविवार मिळावा एवढ्यासाठी. मिळालेला रविवार हिशेबाच्या वहीत परत घेतला जाऊ नये, यासाठीही कोणाला तरी लक्ष ठेवावं लागतं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी डिसेंबरातच सांगतो. पुढच्या वर्षाची सुट्ट्यांची यादी लेखी मागा, आणि यादीबरोबर एकच प्रश्न लेखी विचारा: रजेच्या मधे आलेली सुट्टी रजेत धरता की नाही? उत्तर 'धरतो' असं आलं तर वर्षाला रजा किती देता हेही विचारा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. अर्जात तारखेसोबत वार लिहा. साप्ताहिक सुट्टी आणि सण कोणत्या तारखेला आहे ते अर्जातच नमूद करा. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या, मोबाइलवरून टाकला तर चित्र काढून ठेवा. आणि दिवस परत मिळाले तर शेजारच्या मशीनवरच्यालाही सांगा, त्याचेही त्याच आठवड्यात कापलेले असतात.